मुलांच्या हातात माती द्या, पण जपून

"डॉक्टर, याला मातीत खेळू द्यावं का नको?" हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी माझ्यापुढे येतोच. विचारणारी बहुधा आई असते. शेजारी बसलेली आजी तेवढ्यात म्हणते, "अहो, आम्ही मातीतच वाढलो. काय झालं आम्हाला?"

दोघींचेही म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे. मातीत जंतांची अंडी असतात, धनुर्वाताचे जंतू असतात, ही आईची भीती खरी. मातीशी खेळताना मुलाच्या हाताला, बुद्धीला आणि मनाला जे मिळते ते महागड्या खेळण्याने मिळत नाही, हा आजीचा अनुभवही खरा. म्हणून या लेखात दोन्ही बाजू पाहू. माती कोणती घ्यावी, कशी मळावी, कोणत्या वयाला काय करायला द्यावे, काय टाळावे, आणि मूल मातीशी खेळण्याऐवजी मातीच खात असेल तर काय करावे, असा आजचा विषय आहे.

सणावाराची माती

खरे तर आपल्याकडे मुलांना माती द्या, असे डॉक्टरने सांगण्याची वेळ यायला नको होती. नागपंचमीला मातीचा नाग, पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात गणपती, दिवाळीला पणत्या आणि अंगणातला किल्ला, संक्रांतीला सुगडे. आपले वर्ष मातीच्या वस्तूंनीच भरलेले आहे. पूर्वी यातल्या निम्म्या वस्तू घरीच होत आणि त्यात मुलांचे हात असत. आता नाग कॅलेंडरवरचा, बैल बाजारातले आणि किल्लाही तयार मिळतो. मुलाच्या हातात उरला मोबाइल. त्यावर एकच बोट सरकवायचे असते. बाकीची चार बोटे बसून राहतात.

बालशिक्षणाच्या जाणकारांनी मातीचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बालवाडीचे काम उभे केले. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून परिसरात मिळणाऱ्या वस्तूच शिकण्याची साधने केल्या. त्यांची ती वाट आजही आपल्याला उपयोगी पडणारी आहे.

हात आणि मेंदू

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते. कॅनडातील मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३७ साली या जागांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की संपूर्ण पाठीला आणि पायाला मिळून जेवढी जागा आहे, त्यापेक्षा किती तरी अधिक जागा हाताला, त्यातही अंगठ्याला आणि बोटांना आहे. हाताला काम मिळाले म्हणजे मेंदूच्या मोठ्या भागाला काम मिळते, ते असे.

दुसरी गोष्ट हाडांची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर मनगटातली आठ हाडे त्यात दिसतच नाहीत. तिथे नुसती कूर्चा असते. पहिली दोन हाडे काही महिन्यांत दिसू लागतात, बाकीची एकेक करून येतात आणि आठवे हाड तर साधारण नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास दिसते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचा हात अजून घडतो आहे. त्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणे म्हणजे मिसरूड न फुटलेल्या पोराला पोत्याखाली वाकायला लावणे होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ या वयात खेळातून शिकण्यावरच भर दिलेला आहे.

माती मळताना तळहात, मनगट आणि खांदा यांना बळ येते. गोळी वळताना दोन्ही हात एकमेकांच्या साथीने चालतात. चिमटीत कड धरून पातळ करताना अंगठा आणि तर्जनी यांची जोडी तयार होते. पुढे बटण लावणे, नाडी बांधणे, घास मोडणे आणि अक्षर काढणे या सगळ्या कामांना हीच जोडी लागते.

माझ्याकडे साडेपाच वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील आले होते. मुलगा लिहीत नाही, हात दुखतो म्हणतो, अशी शाळेची तक्रार होती. घरी शिकवणीही लावली होती. तपासले तर नजर ठीक, ऐकणे ठीक, बोलण्यात हुशार. पण शर्टाचे बटण त्याला लावता येईना. पेन्सिल तो मुठीत धरत होता. मी शिकवणी थांबवायला सांगितली आणि रोज वीस मिनिटे माती मळायचे काम लावून दिले. वडिलांना ते औषध वाटले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण आजोबांनी मनावर घेतले. अडीच-तीन महिन्यांनी मुलगा सर्दीसाठी आला तेव्हा तपासून झाल्यावर त्याने आपल्या शर्टाची बटणे आपणच लावली. अक्षर काही मोत्यासारखे झाले नव्हते, पण हात दुखतो ही तक्रार गेली होती. प्रत्येक मुलाच्या बाबतीत एवढ्याने भागेल असे नाही. पण सुरुवात इथून करायला हरकत नाही.

माती कोणती घ्यावी?

मातीचे कण फार बारीक आणि चपटे असतात. कणांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून ओली माती हवा तो आकार घेते. पाणी उडून गेले की कण जवळ येतात, म्हणून वस्तू वाळताना आकसते. एक बाजू लवकर आणि दुसरी उशिरा आकसली की तडा जातो. एवढे ध्यानात ठेवले तर पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण आपोआप कळेल.

शेतातली काळी माती नुसती वापरू नये. ती भिजल्यावर फार फुगते आणि वाळल्यावर फार आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा आपण पाहतोच; तशाच भेगा मुलाच्या बैलाला पडतील.

कुंभारदादांकडची माती सर्वांत चांगली. मात्र एक गोष्ट विचारून घ्या. माठासाठी मळलेल्या मातीत पुष्कळ ठिकाणी राख आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळतात. भट्टीत लीद जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि माठातले पाणी गार होते. माठासाठी हे उत्तम, पण मुलांच्या हातासाठी नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे वास्तव्य घोड्याच्या लिदीत असते. म्हणून "लीद न घातलेली माती द्या, मुलांना खेळायला हवी आहे," असे स्पष्ट सांगावे.

बाजारात मिळणारी शाडूची मातीही चालते. ती पांढुरकी आणि फार बारीक असते, तिला आकार छान येतो. पण वाळल्यावर ती ठिसूळ होते आणि कोरडी असताना तिचा धुरळा फार उडतो. स्वतः माती आणायची असेल तर शौचाची जागा, उकिरडा, गोठा आणि गटार यांपासून दूरची, वरचा थर बाजूला करून खालची आणावी.

माती तयार करताना ढेकळे कोरडी कुटू नयेत. रात्रभर बादलीत पाण्यात भिजत घालावीत. सकाळी हाताने कालवून चाळणीतून किंवा जुन्या पातळ कापडातून गाळावे, म्हणजे खडे, काचा, काटे निघून जातील. गाळलेला चिखल एक-दोन दिवस स्थिर ठेवून वरचे पाणी ओतून द्यावे आणि राहिलेला चिखल गोणपाटावर पसरावा. हाताला चिकटेनासा झाला की कणकेसारखा चांगला मळावा. बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळून पाहावी. वळी मोडली नाही तर माती जमली. फार भेगाळत असेल तर थोडे पाणी घालून पुन्हा मळावी. वाळल्यावर तडे जात असतील तर चाळलेली बारीक वाळू थोडी मिसळावी. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली की बरेच दिवस टिकते. घाण वास आला किंवा बुरशी दिसली तर टाकून द्यावी.

वयाप्रमाणे काय द्यावे?

दीड ते तीन वर्षे: या वयात हातात आलेली वस्तू तोंडात जातेच. म्हणून माती नको. पोळ्या करताना आईने कणकेचा एक गोळा द्यावा. मीठ घालून टिकाऊ केलेली कणीक पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण लहान मुलाने ती बरीच खाल्ली तर पोटात गेलेले मीठ अपाय करते. साधीच कणीक द्यावी आणि काम झाले की टाकून द्यावी. कच्ची कणीक खाऊ देऊ नये. दाबणे, थापणे, बोटाने भोक पाडणे, तुकडे तोडणे एवढेच या वयाचे काम. "थाप", "चेप", "वळ", "लाट", "मळ" हे शब्द कृतीबरोबर बोलत जावे. कृतीबरोबर ऐकलेला शब्द मूल लवकर उचलते.

तीन ते चार वर्षे: मातीची सुरुवात इथे करावी. दोन तळव्यांत गोल गोल फिरवून लाडू, पाटावर पुढे-मागे फिरवून साप. सापाला वेटोळे घातले की नागपंचमीचा नाग झाला. गोळ्या लहान-मोठ्या क्रमाने लावणे, मोजणे हा खेळही यातच येतो.

चार ते पाच वर्षे: चिमटीची वाटी. मुलाच्या मुठीत मावेल एवढा गोळा घ्यावा. तो डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्याने मध्ये खड्डा करावा. तळाशी बोटभर माती राहिली पाहिजे. मग आत अंगठा आणि बाहेर बोटे धरून चिमटीने दाबत, गोळा थोडा थोडा फिरवत जावे. कड सगळीकडून मुलाच्या करंगळीएवढी जाड राहावी. कडेला भेग पडली तर बोट पाण्यात बुडवून तिच्यावरून फिरवावे. पाणी फार लावले तर वाटी बसते, हे मुलाला एकदा बसू देऊनच कळू द्यावे. याच वाटीची एक बाजू चिमटीत धरून पुढे ओढली की पणती तयार होते. डावखुऱ्या मुलाने हात उलटे वापरावेत. त्याला उजवा हात वापरायची सक्ती करू नये.

पाच ते सात वर्षे: वळ्यांची कुंडी, पानाची पाटी आणि बैल. कुंडीसाठी चपटी चकती करून तिच्या कडेवर एकावर एक वळी रचावी. मातीवर माती नुसती ठेवली तर वाळल्यावर सुटते. म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या कंगव्याने आडवे-उभे ओरखडे काढावेत, पातळ पिठल्यासारखा चिखल लावावा आणि मग दाबून बसवावे. आतून सांधा बोटाने सारवून घ्यावा.

पाटीसाठी जुन्या सुती कापडावर मातीची भाकरीएवढी जाड पोळी लाटावी. तिच्यावर पिंपळाचे किंवा जास्वंदीचे पान शिरा खाली करून ठेवावे, वरून लाटणे फिरवावे आणि पान अलगद उचलावे. शिरांची नक्षी उमटते. रुई आणि शेर यांची पाने मात्र घेऊ नयेत. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

बैल करताना पाय वेगळे करून चिकटवण्यापेक्षा एकाच मुटक्यातून ओढून काढावेत, ते मोडत नाहीत. बैलाचे पोट जाड असेल तर खालून बोटाने पोकळ करावे. डोळ्यांना लाल-काळ्या गुंजा फार शोभतात, पण गुंजेचे बी विषारी आहे. ते चावून किंवा फोडून पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. एरंडाचे बीही तसेच. डोळ्यांसाठी काडीने टिंबे काढावीत, ती पुरतात.

कोणत्याही वयात एका वेळी वीस ते तीस मिनिटे पुरेत. मूल रमले असेल तर अधिक बसू द्यावे; कंटाळले असेल तर उठू द्यावे.

वाळवणे आणि भाजणे

तयार वस्तू उन्हात ठेवू नका. सावलीत, वरून सुती फडके टाकून, चार-पाच दिवस ते आठवडाभर वाळू द्या. रोज एकदा उलटी-सुलटी करा. हाताला गार लागते तोवर आत ओल आहे असे समजावे.

वाळलेली वस्तू पाण्यात टाकली तर तिची पुन्हा माती होते. ती कायमची टिकवायची तर भाजावी लागते. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती पुन्हा कधी मऊ होत नाही. एवढी उष्णता चुलीवरच्या तव्यात मिळत नाही. शिवाय आत ओल राहिली असेल तर वाफ होऊन वस्तू फुटते आणि तुकडे उडतात. म्हणून घरी चुलीत किंवा गॅसवर भाजण्याचा प्रयोग करू नये. कुंभारदादांना विनंती केली तर त्यांच्या भट्टीत मुलांच्या चार वस्तू बसतात. त्यांना त्याचे योग्य मोल द्यावे. मुलांनाही एकदा लांबून भट्टी दाखवावी. लोहामुळे माती लाल कशी होते, चाकावर माठ कसा वर येतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

भाजलेली पणती दिवा लावण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवली तर तेल कमी पिते. मुलांनी केलेल्या वाट्या-पेल्यांतून मात्र खाऊ-पिऊ देऊ नये. त्या शोभेसाठी किंवा खेळण्यातल्या भातुकलीसाठीच ठेवाव्यात.

रंगाचा प्रश्न

मातीच्या वस्तूंना मुले हाताने रंग लावतात आणि बोटे तोंडात घालतात, म्हणून रंग जपून निवडावा. घरात पडलेला ऑइलपेंटचा जुना डबा काढू नये. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती शिसे असेल ते सांगता येत नाही. शिसे मुलाच्या मेंदूला अपाय करते, बुद्धी मंद करते आणि रक्त कमी करते. त्याची अमुक मात्रा निर्धोक, असे म्हणता येत नाही.

देवाला लावायचा शेंदूरही मुलांना रंगवायला देऊ नये. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे. चुन्याची निवळी किंवा कळीचा चुना नको. तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. गेरू, घरची हळद, पाण्यात उगाळलेला कोळसा आणि पाण्यात भिजवलेला खडू एवढ्यात चार रंग होतात. बैलाला आणखी काय पाहिजे?

प्लास्टर ऑफ पॅरिस ही माती नव्हे, हेही सांगून ठेवतो. पाण्यात कालवले की घट्ट होताना ते तापते. हाताचा ठसा काढण्यासाठी मुलाचा हात त्यात बुडवून ठेवला तर खोल भाजू शकते. ठसा हवा असेल तर मातीच्या पोळीवर काढावा.

जंत, धनुर्वात आणि धूळ

मोठ्या जंतांची अंडी शौचातून मातीत पडतात, काही आठवड्यांत ती लागण होण्याजोगी होतात आणि हातावाटे तोंडात जातात. आकडीचा जंत वेगळ्या वाटेने येतो. त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. म्हणून नियम साधे आहेत. बसण्याआधी नखे कापा. पायात चप्पल किंवा खाली सतरंजी असू द्या. मातीचे काम चालू असताना खाऊ नको. काम झाल्यावर आधी बादलीत हात बुडवून माती उतरवा, मग साबण लावून बोटांच्या बेचक्या आणि नखे चोळून धुवा. बादलीतले पाणी झाडांना घाला; मोरीत ओतले तर नळी तुंबेल. मातीने हात कोरडे पडतात, नंतर खोबरेल तेलाचा हात फिरवा.

अंगणवाडीत आणि शाळेत साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत जंताची गोळी मोफत देतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा हा कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ही गोळी चुकवू नये.

धनुर्वाताची लस मुलाला पहिल्या वर्षी मिळालेली असतेच. पण दीड वर्षाच्या सुमाराचा आणि पाच ते सहा वर्षांचा वर्धक डोस पुष्कळ पालक विसरतात. लसीचे कार्ड काढून आजच पाहा. पुढचे डोस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतात. हाताला ताजी जखम, खरूज किंवा चिघळलेला इसब असेल तर बरे होईपर्यंत माती नको. खेळताना खोल जखम झाली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा. जखमेवर माती, हळद किंवा तंबाखू दाबू नका.

वाळलेली माती केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मातीची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो. तासभर खेळणाऱ्या मुलाला ती भीती नाही, पण दम्याच्या मुलाला धुळीने धाप लागू शकते. डोळ्यात माती गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार सोडा. नाकात किंवा कानात गोळी घातली तर हेअरपिनने काढायला जाऊ नका, दवाखान्यात आणा.

मूल माती खात असेल तर

मातीला हात लावू दिला तर मूल माती खायला लागेल, अशी भीती अनेकांना वाटते. ही गल्लत आहे. दोन वर्षांच्या आतले मूल सगळेच तोंडात घालते, त्यात मातीही आली. पण दोन वर्षांनंतरही मूल महिनाभर सतत माती, भिंतीचे पोपडे, खडू किंवा राख शोधून शोधून खात असेल तर ते खोडी म्हणून सोडून देऊ नका. अशा मुलांमध्ये बहुतेक वेळा रक्त कमी असते, लोह कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० पैकी ६७ मुलांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे ही दुर्मिळ गोष्ट नाही.

अशा मुलाला मारू नका, तोंडाला मिरची लावू नका, हात बांधू नका. रक्त तपासून घ्या. लोहाचे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस, म्हणजे बहुधा काही महिने, द्यावे लागते. रक्त वाढू लागले की पुष्कळ मुलांची ही ओढ आपोआप कमी होते. सवय तुटेपर्यंत या मुलांना मातीऐवजी कणीक द्यावी. भिंतीचे जुने रंगीत पोपडे खाणाऱ्या मुलाचे शिशाचे प्रमाणही तपासावे लागते.

मोठ्यांनी एवढे पाळावे

मुलाने केलेला बैल गाढवासारखा दिसला तरी त्याचा हात धरून तो सुधारू नका. "हे काय केलंस?" असे न विचारता "हे कसं केलंस, सांग बरं," असे विचारा. शेजारच्या मुलाशी तुलना नको, स्पर्धा आणि बक्षीस नको. केलेली वस्तू मोडून पुन्हा गोळा करू द्या. मोडले तरी पुन्हा करता येते, हा धडा माती जसा देते तसा मी कुठे पाहिला नाही. रागावलेल्या मुलाला मळायला मातीचा गोळा द्या. दहा मिनिटांत त्याचा राग बोटांतून उतरतो. आजी-आजोबांना शेजारी बसवा, नातवंडाला नाग-बैल करायला शिकवण्यात त्यांचाही वेळ चांगला जातो. मेंदूच्या पक्षाघाताने हात आखडलेल्या, कमी दिसणाऱ्या किंवा उशिरा शिकणाऱ्या मुलांनाही हा खेळ मानवतो. त्यांच्या उपचारतज्ज्ञांना विचारून माती मऊ-घट्ट करून घ्यावी.

हा खेळ खेळताना मुलाचा हात नीट पाहण्याची संधीही मिळते. एक वर्षाचे मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा उचलू शकत नसेल, दीड वर्षाच्या आतच एकच हात वापरून दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, चार वर्षांच्या मुलाला पाहून गोल काढता येत नसेल, किंवा आधी येत असलेले हाताचे काम आता येईनासे झाले असेल, तर "होईल मोठेपणी" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. लवकर कळले तर उपचाराचा उपयोगही जास्त होतो.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी एक बादली, थोडी माती, जुने सुती कापड आणि अर्धा तास एवढे काढून ठेवा. त्याआधी लसीचे कार्ड पाहून घ्या आणि नखे कापा. बाकीचे काम मुले करतील.